शेवळांच्या पोस्टमधली चौथी ओळ

शेवळं काकडांशिवाय शिजवली तर खाणाऱ्याचा घसा खाजतो. हे एक वाक्य मी एका सोमवारी सकाळी पोस्टमधून काढले आणि त्याच संध्याकाळी परत घातले. मधल्या वेळात ती पोस्ट ज्याने उचलावी अशी माझी इच्छा होती त्याने उचलली. हे चुकून झालेले नाही. मी ठरवून केले.

ज्यांना ही भाजी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मे संपत आला की शहापूर-मुरबाडच्या जंगलात जमिनीतून वीतभर लांबीचे जांभळट कोंब वर येतात. ती शेवळं. बायका त्यांच्या जुड्या बांधून बाजारात आणतात आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं देतात. काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळे. ती मागावी लागत नाहीत आणि वेगळी विकतही नाहीत. शेवळांची खाज काकडांच्या आंबटाने मरते हे इथल्या स्वयंपाकघरात इतके ठरलेले आहे की ते कोणी कोणाला सांगत नाही.

मलाही ते चाळिशीनंतर कळले. मी भातसानगरच्या वसाहतीत वाढले. वडील धरणावर नोकरीला होते आणि आमच्या घरी फ्लॉवर, कोबी, बटाटा यांच्या पलीकडे भाजी जात नसे. पुढे सोळा वर्षे मी एका दैनिकाची शहापूरची वार्ताहर होते. दैनिकाने तालुक्याचे पान बंद केले तेव्हा माझ्याकडे एक स्कूटर, वार्ताहराच्या उभ्या वह्यांचा गठ्ठा आणि चार ओळींत बातमी बसवण्याची सवय एवढे शिल्लक होते. त्याच वर्षी वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावरच्या बायकांनी मला विचारले की आमच्या रानभाज्यांचे ‘फोनवरचे पान’ तू चालवशील का. मी हो म्हटले.

काम मी बातमीदारीसारखेच सुरू केले. दर सोमवारी सकाळी सात ते दहा मी इंटरनेटवर काय चालले आहे ते बघत असे. कोणता रील फिरतो आहे, कुठले गाणे खाली लावले की पोस्ट वर जाते, लोक फोटोंची मालिका बघतात की व्हिडिओ, किती शब्दांनंतर वाचणारा अंगठा सरकवतो. वहीच्या डाव्या बाजूला जग काय करते ते लिहायचे, उजव्या बाजूला पाड्यावर त्यातले काय होऊ शकते ते. डावीकडे ‘माझी सकाळची दिनचर्या’ असे असले की उजवीकडे लिहिलेले असे: ‘मावशी पहाटे मोहाची फुले वेचते, पण थांबत नाही, चित्रण अशक्य.’ डावीकडे ‘तुम्ही करता त्या तीन चुका’. उजवीकडे: ‘भाजी धुण्याच्या तीन चुका, मावशीला विचारणे.’

मावशी म्हणजे त्या गटातली सर्वांत मोठी बाई. वय तिला नक्की माहीत नव्हते आणि तिने कधी अंदाजही केला नाही. रानातले काय खायचे आणि काय नाही याबद्दल पाड्यावर तिचा शब्द शेवटचा असे. फोन तिच्या सुनेकडे होता. मी टाकलेली प्रत्येक पोस्ट सून तिला मोठ्याने वाचून दाखवी.

पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरून ठेवावे लागते, असे मी एकदा तिला समजावले.

“तीन सेकंदांत माजा पदर पन नीट व्हत नाय, बाय,” ती म्हणाली. “त्यांना एवडी घाई हाय तं भाजी कशाला खातात? गोळी घ्या म्हनावं.”

हे वाक्य मी जसेच्या तसे पोस्टच्या डोक्यावर टाकले. आमची तोपर्यंतची सर्वांत जास्त पाहिली गेलेली पोस्ट ती ठरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पोस्ट, तोच मावशीचा फोटो आणि तेच वाक्य दुसऱ्या एका पानावर दिसले. खाली आमचा उल्लेख नव्हता. मावशीच्या जागी ‘आमच्या गावाकडची आजी’ असे लिहिले होते.

ते पान कल्याणच्या एका सल्लागाराचे होते. ग्रामीण उत्पादनांना ऑनलाइन ‘आवाज’ मिळवून देतो असे तो लिहीत असे. मी त्याला संदेश पाठवला. उत्तर आले नाही. ज्या कंपनीच्या व्यासपीठावर हे सगळे चालते तिच्याकडे मी तक्रार केली. काही क्षणांतच यांत्रिक उत्तर आले की कोणत्याही नियमाचा भंग आढळला नाही. मग मी वहीत एक वेगळे पान उघडले आणि तो काय उचलतो, किती तासांनी उचलतो, काय बदलतो हे टिपायला लागले. तो फार काही बदलत नसे. कधी हात जोडलेले चित्र घाली, कधी पान गळल्याचे.

त्याला मी प्रत्यक्ष पाहिले ते शहापूरच्या एका सभागृहात. ‘गावचा ब्रँड, जगाचा बाजार’ अशा नावाची त्याची कार्यशाळा होती. मी पैसे भरून गेले होते, कारण शिकणे हा माझ्या कामाचा भाग होता आणि तो विषय बरा शिकवतो असे ऐकले होते. ते खरेही होते. पहिला तासभर मी नोंदी घेतल्या. मग पडद्यावर मावशीचा चेहरा आला, दोन्ही भिंतींच्या मध्ये मावणार नाही एवढा मोठा.

मी हात वर केला. “हा फोटो कोणी काढला?”

“आमच्या टीमने.”

“कुठे?”

“मॅडम, लोकेशन सांगितलं तर उद्या तुम्हीच जाल तिथे.” सभागृह हसले.

“या बाईंचं नाव काय?”

“नावाने काय होतं? चेहरा बघा. चेहऱ्यात ऑथेंटिसिटी आहे.”

“उजव्या कोपऱ्यात खाली एक चप्पल दिसते. ती माझी आहे,” मी म्हणाले आणि पाय पुढे केला. तीच चप्पल होती. मी दुसरी घेतलेली नव्हती.

तो माइक तोंडाजवळ नेऊन शांतपणे म्हणाला, “इंटरनेटवर चोरी नसते मॅडम, इन्स्पिरेशन असतं. जुन्या पेपरवाल्यांना हे समजायला वेळ लागतो.”

या वेळी हशा जास्त मोठा होता. मागून कोणीतरी म्हणाले, “बसा हो मॅडम, चहा यायचाय अजून.”

मी बसले. चहा घेतला. उरलेल्या भागाच्याही नोंदी घेतल्या. घरी आल्यावर त्या पुन्हा वाचल्या तेव्हा त्याचे एक वाक्य मी दोनदा लिहिलेले आढळले: ‘लाइव्हमध्ये पहिला घास नेहमी स्वतः घ्या. लोक जेवण बघत नाहीत, जेवणाऱ्याचा चेहरा बघतात.’

इथवरचे भांडण माझे होते. पुढे जे झाले ते मावशीचे.

माळशेजच्या रस्त्यावर एक रिसॉर्ट आहे. आधीची दोन वर्षे त्यांच्या रानभाजीच्या रविवारी पडवीतल्या चुलीवर मावशीने स्वयंपाक केला होता. मुंबई-ठाण्याकडची माणसे ताट घेऊन तिच्यासमोर उभी राहत. एक बाई तर जवळ बसून तिच्याकडून कृती लिहून घेत असे आणि मावशी तिला मध्येच थांबवून “हे लिवलंस का?” असे विचारत असे. पाड्यावर तिला तेव्हापासून ‘हाटेलवाली’ म्हणत. चिडवत म्हणत, पण म्हणत. मावशीने मला एकदा सांगितले होते, “जनमभर मीच रांगंत उभी राहिली, बाय. रेशनला, दवाखान्यात. पयल्यांदा मानसं माज्या हातचं खायला रांगंत उभी व्हती.”

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी पाड्यावरच होते. सुनेने स्पीकर लावला. मॅनेजर म्हणाला की या वर्षी कार्यक्रम जरा व्यवस्थित करायचा आहे, कल्याणचे एक सल्लागार सगळे बघणार आहेत, स्वयंपाक आमचा आचारी करील. मावशींनी मात्र यायचेच. लुगडे नेसून चुलीपाशी बसायचे. फोटो चांगले येतात.

“म्हंजे मी रांधायचं नाय?” मावशीने विचारले.

“नाही मावशी, तुम्हाला त्रास नको.”

“मंग मी काय करायचं?”

“काही नाही. बसायचं. हसायचं.”

“बसायला माज्या घरी वटा हाय.”

मॅनेजर हसला. त्याला ते गंमत म्हणून ऐकू आले असावे. तुम्ही नाही आलात तर दुसऱ्या कोणाला तरी बसवावे लागेल, असे तो पुढे म्हणाला आणि फोन ठेवला.

समोर टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, वाळत घातल्या होत्या, त्यांवरच्या कोंबड्या मावशीने हाकलल्या. मग म्हणाली, “माजी चूल घेतली गो त्यानं. तू पेपरवाली ना? लिव कायतरी.”

पेपरमध्ये आता आपले पान नाही, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितले. ते तिला माहीत होते.

घरी परतताना मुरबाडच्या स्टँडवर शहापूरची एसटी येईपर्यंत मी वही उघडून बसले. सल्लागाराबद्दलच्या नोंदींनी तीन पाने भरली होती. सगळ्यांचा अर्थ एकच होता. मी सकाळी नऊला टाकलेले दुपारी दोनपर्यंत त्याच्याकडे गेलेले असे. उचलल्यानंतर तो परत येऊन बघत नसे. आणि कृती असेल तर तो ती कोणालाही विचारून पडताळत नसे, कारण विचारायला त्याच्याकडे कोणी नव्हते.

बातमीदारीत मी खोटे छापलेले नाही. काही वेळा खरे छापले नाही. दोन्हींत फरक आहे असे आम्ही मानत असू.

रिसॉर्टच्या रविवाराआधीच्या सोमवारी मी शेवळांची कृती लिहिली. मावशीने सांगितलेल्या सात ओळी होत्या. वरचे जांभळे आवरण काढा. आतला पिवळा भाग टाका. बारीक चिरा. चौथी ओळ: काकडं ठेचून त्यांचा रस घाला, नाहीतर घसा खाजेल. पुढच्या तीन ओळी तेल, कांदा, सुकटीच्या. मी चौथी ओळ काढली आणि खालचे आकडे बदलले. सहा ओळींची कृती दिसायला सातपेक्षा नीट दिसत होती. फोटो मावशीचा लावला, कारण तिचा फोटो असल्याशिवाय तो उचलत नाही हेही वहीत होते.

मी स्वतःला काय सांगितले तेही नोंदवते. शेवळं काकडांशिवाय विकली जात नाहीत. ज्याच्या हातात शेवळं येतील त्याच्या हातात काकडंही येतील. ही कशाला, एवढे ज्याने विकणारीला विचारले तो वाचला. विकणारीशी एक वाक्यही न बोलता ज्याला तिचे सगळे हवे आहे तो एकटाच अडकेल. हा युक्तिवाद मला तेव्हा पुरेसा वाटला.

पोस्ट नऊला गेली. दीड वाजता ती त्याच्या पानावर होती. पाच वाजता मी माझ्या पोस्टमध्ये चौथी ओळ परत घातली. त्याच्या पोस्टमध्ये ती कधीच आली नाही.

रविवारी मी मावशीबरोबर गेले. रिसॉर्टची पडवी ओळखू येत नव्हती. चूल शेणाने नव्याने सारवली होती आणि तिच्यावर मातीचे मडके होते. मडक्यात नुसते पाणी उकळत होते, वाफ दिसावी म्हणून. मावशीला तिच्यामागे बसवले आणि हातात फुंकणी दिली. खरा स्वयंपाक शेजारी गॅसवर चालला होता. तिथे आचारी एका छापील कार्डाकडे बघत फोडणी घालत होता. कार्डावर सहा ओळी होत्या. माझ्या होत्या.

कॅमेऱ्यासमोरच्या टेबलावर झेंडूच्या माळा, केळीचे पान आणि एक पितळी वाडगे मांडले होते. वाडग्यात काकडं होती, काठोकाठ.

शेवळांच्या पोत्याबरोबर ती आली असणार. कार्डावर त्यांचे काम नव्हते, पण रंग चांगला होता.

मावशीने वाडग्याकडे पाहिले, मग कढईकडे. “बाबा, काकडं घातली का नाय?” तिने आचाऱ्याला विचारले.

आचाऱ्याने सल्लागाराकडे पाहिले. तो कानातली वायर नीट करत होता. “मावशी, मधे बोलू नका हं, आवाज खराब येतो. तुम्ही फुंकणी धरा. हां, अशी. स्माइल.”

“पन काकडं—”

“नंतर, मावशी. सगळं नंतर.”

मावशीने माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले.

लाइव्ह सुरू झाले. तो चांगला बोलला. माती, मुळे, आजी, विसरलेल्या चवी. मी वेळ टिपत होते. सातव्या मिनिटाला आचाऱ्याने वाटी पुढे केली. सल्लागाराने भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. “अहाहा,” तो म्हणाला. दुसरा घास जरा मोठा घेतला.

खाज लगेच येत नाही. आधी जिभेच्या टोकाला काहीतरी टोचल्यासारखे होते. “एक वेगळाच... तीक्ष्ण असा...” तो म्हणाला आणि थांबला. त्याने आवंढा गिळला. पुन्हा गिळला. हात गळ्याकडे गेला. पुढे जे आले ते शब्द नव्हते. खोल घशातून खाकरण्याचा आवाज होता, एकामागून एक, कॉलरला लावलेल्या माइकमधून स्वच्छ येणारा. डोळ्यांत पाणी होते. जीभ बाहेर होती. फोन धरणाऱ्या मुलीला चित्रण थांबवू का हे विचारायचे होते, पण सांगणाऱ्याला बोलता येत नव्हते. लोक जेवणाऱ्याचा चेहरा बघतात, हे त्याचे म्हणणे बरोबर होते.

मला आनंद झाला. तो झाला नाही असे लिहिणे खोटे होईल.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की वाढप्यांनी पाहुण्यांची पहिली रांग वाढून टाकली आहे. कार्यक्रमपत्रिकेत वाढप लाइव्हनंतर होते. मी त्यावर विसंबले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी घास उचललेला होता. मी उठायला हवे होते. मी उठले नाही. उठले असते तर मला कसे माहीत, हे सांगावे लागले असते.

मावशी उठली. फुंकणी टाकून ती त्या गृहस्थांपर्यंत पोहोचली आणि तिने त्यांचे मनगट धरले. “टाक तो! कोनी खाऊ नका! ताटं ठेवा खाली, सगल्यांनी!” मग आचाऱ्याकडे वळली. “कोकम हाय का? आगळ? घेऊन ये, असा बघत काय राहिलास? तुजा सायब मरत नाय, खाजतोय निसता.”

तिने सल्लागाराला कोकमाचे आगळ पाजले आणि गुळण्या करायला लावल्या. लहान पोराला धरावे तसे मानेला मागून धरून. मग टेबलावरचे पितळी वाडगे उचलले, वाफेचे मडके चुलीवरून उतरवले, कढई ओढून चुलीवर ठेवली आणि जाळ सारला. पाट्यावर काकडं ठेचण्याचा आवाज सुरू झाला. मॅनेजर दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. तासाभराने पाहुणे ताटे घेऊन तिच्यासमोर रांगेत उभे होते. मनगट धरलेले गृहस्थ पहिले होते.

सल्लागाराची ती चित्रफीत कोणा पाहुण्याने ठेवून घेतली होती. ती संध्याकाळपर्यंत कल्याणपासून मुरबाडपर्यंत फिरली. त्याच्या खोकण्याखाली कोणीतरी ढोलकी लावली. मी ती कुठेही टाकली नाही. गरज पडली नाही.

मावशी पडवीच्या पायरीवर हात धूत होती तेव्हा मी तिच्याजवळ गेले. चूल परत मिळाली, असे काहीसे म्हणाले.

“सुनंनं सोमवारीच वाचून दावलं,” ती म्हणाली. “मी तवाच बोलली, काकडं कुठं हायत? वाटलं, इसरली बिचारी, कालनीतली पोर. म्हनून मी आज आली. बसायला नाय आली. तुजी चूक झाकायला आली.”

मी वही मिटली.

“इसरली व्हतीस ना?”

“नाही,” मी म्हणाले. “संध्याकाळी परत घातलं होतं.”

तिने हात पदराला पुसले. सावकाश. “फोटू कोनाचा व्हता वर?”

“तुझा.”

“मंग त्या बाबाचा घसा माज्या नावानं खाजला असता.” तिने म्हाताऱ्या गृहस्थांकडे बोट केले. ते दुसऱ्यांदा भाकरी घेत होते. “त्या मेल्यानं माजी चूल घेतली. तू माजा हात घेतलास. त्याच्यात आनि तुज्यात काय फरक, सांग गो?”

फरक होता असे मला वाटत होते. अजूनही वाटतो. पण त्या पायरीवर मला तो शब्दांत मांडता आला नाही, आणि शब्द हेच माझे काम आहे.

पुढचे तीन आठवडे सून फोन उचलत असे आणि मावशी रानात गेलीय असे सांगत असे. चौथ्या आठवड्यात मावशीने स्वतःहून बोलावले. भारंगीचा पाला आलाय, लिहून घे म्हणाली. मी वही काढली. तिने सावकाश सांगितले, मी लिहिले. पाला निवडा, चिरा, कांद्यावर परता, वरून वाल घाला. अजून काही, असे मी विचारले. “काय नाय,” ती म्हणाली. सून मान खाली घालून वाल सोलत होती.

टाकण्याआधी करून बघायचे ही माझी जुनी सवय. शहापूरला घरी मी ती भाजी लिहिल्याप्रमाणे केली. इतकी कडू होती की घास गिळताना डोळे मिटावे लागले. भारंगीचा पाला उकडून, पिळून, पाणी टाकून द्यायचे असते हे मला मुरबाडच्या बाजारातल्या कोणत्याही बाईने सांगितले असते. मी कोणाला विचारले नव्हते. मी ताटातली भाजी संपवली आणि फोन लावला.

मावशीनेच उचलला. हॅलोसुद्धा म्हणाली नाही. “लागली कडू?”

पलीकडे सगळ्या बायका हसल्या. त्या जमून वाट बघत असाव्यात.

“लागली.”

“किती खाल्लीस?”

“सगळी.”

“आता लिव,” ती म्हणाली. “दोनदा उकडायची, दोनदा पिळायची. आनि हितनं पुडं माज्या फोटूखाली जे घालशील ते आदी मला वाचून दावायचं. सून नाय. तू. मी बरं म्हनली तं टाकायचं, नाय तं नाय.”

तेव्हापासून तसेच चालते. सोमवारी सातला मी इंटरनेट बघते, नऊला पाड्यावर फोन लावते आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते. ती मध्येच थांबवते, शब्द बदलते, कधी अख्खी पोस्ट नाकारते. इतका कडक उपसंपादक मला दैनिकात मिळाला नव्हता. त्यामुळे आमच्या पोस्ट आता उशिरा जातात. तज्ज्ञांच्या मते ती वेळ चुकीची आहे.

दिवाळीच्या सुमाराला सल्लागाराचा संदेश आला. मधल्या काळात त्याने ती पोस्ट काढली होती, मग पानाचे नावही बदलले होते. संदेश सभ्य होता. जे झाले ते झाले, आजींची गोष्ट आता लोकांना आवडू लागली आहे, आपण मिळून एक मालिका करूया, मीही त्यात असेन, श्रेय दोघांनाही देऊ.

उत्तर मी चार ओळींत लिहिले. थंड आणि अचूक होते. पाठवण्यापूर्वी नियमाप्रमाणे आधी त्याचा संदेश आणि मग माझे उत्तर फोनवर वाचून दाखवले.

“तुजं खोड ते,” मावशी म्हणाली. “मी सांगते ते लिव. ये म्हनावं. लुगडं मी देते. चुलीपाशी बसायचं, फुंकनी धरायची, निसतं हसायचं. बोलायचं नाय. आवाज खराब येतो.”

मी ते तिला एकदा परत वाचून दाखवले. बरं, ती म्हणाली. मग मी पाठवले. एक शब्द वगळला नाही.